शिट्टीनंतरची पकड

कळव्याच्या कोळीवाड्यातल्या मुली कबड्डी खेळायला लागल्या तेव्हा म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि पुरुषमंडळी रागावली. पण पुढच्या दोन-तीन हंगामांत या पोरींनी ठाण्यातल्या नावाजलेल्या मंडळांना पाणी पाजलं, आणि मग रागावणारेच संध्याकाळी मैदानावर पाणी मारायला येऊ लागले. मासळी वाळवायच्या जागेलगत एक सपाट तुकडा होता, तिथे फक्कीने रेषा आखल्या जात. वाऱ्याची दिशा फिरली की सुकटीचा वास थेट मध्यरेषेपर्यंत येई.

शिकवायला वर्तकनगरहून सरस्वतीबाई येत. त्या शाळेत भूगोल शिकवत आणि तरुणपणी स्वतः खेळलेल्या होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. एखादी चुकली की त्या तिला तेच पुन्हा करायला लावत, मग आणखी एकदा, आणि शेवटी विचारत, "आता तुझं तूच सांग, कुठं बिनसलं?"

या संघाचा डावा कोपरा शीला सांभाळायची. नाथा कोळ्याची ही धाकटी मुलगी अंगाने किरकोळ होती आणि बोलायची कमी. कोपऱ्यावरचं काम वरवर सोपं दिसतं. समोरची चढाईवाली 'कबड्डी, कबड्डी' म्हणत एका दमात आपल्या अंगणात येते, कुणाला तरी शिवून दम तुटायच्या आत मध्यरेषा गाठायला बघते. तिने पाय लांबवला की कोपऱ्यावरचीने झेप घेऊन घोटा धरायचा, आणि बाकीच्या येऊन तिच्या अंगावर कोसळेपर्यंत धरून ठेवायचा. त्या झटापटीत लाथ बसते, कोपर फुटतं, ओठ फाटतो. पण शीलाने धरलेला घोटा सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"हे हात हिला कुणी दिले गं?" बाईंनी एकदा हसून विचारलं.

"चिखलानं दिले, बाई," संघाची कप्तान जना म्हणाली. जना दोन मुलांची आई होती आणि तिची जीभ तिच्या पायांइतकीच चपळ होती. "हिच्या आयशीनं हिला चालता येयाच्या आधी खाडीत नेलीय. आमचे हात माशे साफ करायचे. हिचे माणसं ओढायचे."

ते खोटं नव्हतं. शीलाची आई आवडाबाई ओहोटीला खाडीत उतरून कालवं आणि चिंबोऱ्या काढायची. खाडीचा चिखल एका पावलावर घोट्याएवढा, तर पुढच्याच पावलावर माणूस गिळेल एवढा. म्हणून बायका जोडीने जात. एकीचा पाय रुतला की दुसरीने पोटावर आडवं पडायचं आणि तिचं मनगट धरायचं. काठावरच्या बायका घाबरून काय वाटेल ते ओरडतात, ओढ म्हणतात, सोड म्हणतात. तिकडे कान द्यायचा नाही. रुतलेली बाई स्वतः 'आले' म्हणेल तेव्हाच हात सोडायचा. शीला लहान असताना आवडाबाई एकदा कमरेपर्यंत रुतली होती. पोरीने तिला धरलं ते धरलंच. आई बाहेर आल्यावरही तिची बोटं उघडेनात, ती एकेक करून उकलावी लागली. कोळीवाड्यात ही गोष्ट अजून कौतुकाने सांगत.

१९८७ सालच्या हिवाळ्यात वागळे इस्टेटमधल्या काही कारखान्यांनी मिळून महिलांची साखळी स्पर्धा भरवली. दर रविवारी सामने होत, आणि कळव्यापासून कल्याणपर्यंतचे संघ त्यात उतरले होते. त्यातल्या पंखे बनवणाऱ्या एका कारखान्याला स्वतःचा महिला संघ उभा करायचा होता. साखळी संपली की एका मुलीला संघात घेणार आणि कायमची नोकरी देणार, असं त्यांच्या गुरुदत्त साहेबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. ती मुलगी कोण असणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. डोंबिवलीची मंदाकिनी शिर्के चढाईला निघाली की चहाच्या टपरीवरची गिऱ्हाईकं कप हातात घेऊन दोरीपाशी येत. तिचे वडील नव्हते. आई केशरबाई लोकांचे ब्लाउज शिवून घर चालवायची.

कळवा आणि डोंबिवलीचा सामना शेवटच्या मिनिटांपर्यंत बरोबरीत चालला होता. मंदाकिनी चढाईला आली. मागच्या सामन्यात खरचटलं होतं म्हणून तिने उजव्या गुडघ्यावर पट्टी बांधली होती. तिने जनाला हुलकावणी दिली, वळली, आणि वळताना तिचा डावा पाय क्षणभर मागे राहिला. शीलाने झेप घेतली. दोन्ही मुठींत घोटा आला. मंदाकिनी आडवी पडली, तिच्यावर जना, जनावर आणखी दोघी. धुळीत नुसते हातपाय दिसत होते. मंदाकिनीचा दम तुटला. पंचांनी शिट्टी दिली.

शीलाने शिट्टी ऐकली. वरच्या मुली उठल्या. ओझं हललं तशी मंदाकिनीला वाटलं आपण सुटलो, आणि ती उजव्या पायावर जोर देऊन गर्रकन वळत उठली. पण डावा पाय अजून शीलाच्या मुठीत होता. त्या पायाचा गुडघा नको त्या बाजूला वळला. मंदाकिनी ओरडली नाही. तिने तोंडात माती असतानाच आईला हाक मारली आणि खाली बसली.

तेव्हा कुठे शीलाची बोटं उघडली.

धुळीत कुणाचा हात कुठे होता ते कुणी पाहिलं नव्हतं. उठताना पाय मुरगळला, खेळात असं व्हायचंच, असं पंच म्हणाले. सामना कळव्याने जिंकला. परत जाताना टेम्पोत जना म्हणाली, "तिचा गुडघा आधीचाच गेलेला असणार गो. पट्टी बांधून खेळत होती, बघितली नाय?"

पट्टी उजव्या गुडघ्याला होती आणि दुखावला डावा. शीलाला हे माहीत होतं. टेम्पोत सगळ्या गाणी म्हणत होत्या. ती काही बोलली नाही.

बोलणं मात्र तिच्याशिवायच पसरलं. पुढच्या रविवारपर्यंत ठाण्यातल्या सगळ्या मैदानांवर एकच गोष्ट ऐकू येऊ लागली, की डोंबिवलीची मुलगी नोकरीसाठी दुखणं लपवून खेळत होती. डावा की उजवा हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. साखळी संपली, ढाल कळव्याला आली, आणि गुरुदत्त साहेब स्वतः कोळीवाड्यात आले.

"आम्हाला शीला हवी," ते सरस्वतीबाईंना म्हणाले. "मंदाकिनीचा विचार होता आमच्या मनात. पण दुखापत लपवणारी मुलगी नको. उद्या मशीनवर हात कापला तरी लपवेल."

नाथाने साहेबांना बसायला खुर्ची मागून आणली. खाडीत मासळी वर्षागणिक कमी होत होती, आणि जाळं विणता विणता नाथा अलीकडे मध्येच थांबून पाण्याकडे बघत बसायचा. त्या दिवशी तो सगळ्यांशी हसून बोलला. आवडाबाईने देवीपुढे नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी सरावाला शीलाने झेप घेतली, घोटा हातात आला, आणि हात उघडले. पुन्हा झेप, पुन्हा तेच. नुसतं शिवल्यासारखं करून ती मागे येई.

"काय गो, नोकरी लागली म्हून हाताला मेंदी लावलीस काय?" जना म्हणाली. मुली हसल्या.

बाई हसल्या नाहीत. सराव संपल्यावर त्यांनी शीलाला थांबवून घेतलं. दोघी सुकटीच्या ताट्यांपाशी बसल्या. बाईंनी नेहमीचंच विचारलं, "तुझं तूच सांग, कुठं बिनसलं?"

शीलाने सांगितलं. शिट्टी ऐकली होती, तरी हात सोडले नाहीत. चिखलात सोडायचं नसतं, तसंच झालं. कुणी बाहेरून काही सांगितलं की हात उलट जास्तच आवळतात. आणि मंदाकिनीचा तो गुडघा चांगला होता.

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला. "शिट्टीनंतर धरून ठेवणं नियमात बसत नाही, हे मी तुला शिकवलंय."

"शिकवलंय, बाई."

"स्पर्धेच्या समितीला कळलं तर बंदी येईल. नोकरीही राहणार नाही."

"मग काय करू? तुम्ही सांगाल ते करते."

"नाही गं. मी सांगितलं म्हणून केलंस तर उद्या पस्तावलीस की मला बोल लावशील, आणि नाही केलंस तरी मलाच लावशील." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "डोंबिवलीला जायचं असेल तर मात्र मी बरोबर येईन."

दोघी रविवारी गेल्या. चाळीतल्या त्या खोलीत अर्धी जागा शिलाई मशीनने व्यापली होती. मंदाकिनी खाटेवर होती, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि मांडीवर ब्लाउजांचा ढीग. ती हुक लावत होती. तिने मान वर केली आणि ओळखलं.

"डावा कोपरा ना तू? बघायला आलीस? बघ."

"मंदा, तिला पाणी तरी देऊ दे," केशरबाई म्हणाली.

"नको, काकू." शीला दारातच उभी होती. "शिट्टी झाली तेव्हा मी सोडलं नाही. मला ऐकू आली होती. माझ्यामुळे झालं."

मंदाकिनीने दोरा दाताने तोडला. "हे मला कशाला सांगतेस? मला माहीत नाही का? पाय माझाच होता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की. पंचांना बोलले, साहेबांना बोलले. हरलेली पोरगी काय, काहीही बोलणार. शेजारच्या बायकासुद्धा आईला विचारतात, दुखत होतं तर खेळायला कशाला पाठवलंत?" तिने हातातला ब्लाउज ढिगावर टाकला. "डॉक्टर म्हणतात गुडघ्यातला बंध ताणलाय, तुटला नाही. बरा होईल. पण बरा होऊन जाऊ कुठं? मी खोटारडी ठरले ना. तू इथं येऊन सांगितलंस, तुला रात्री झोप लागेल. माझं काय? सांगायचंच असेल तर जिथं सांगायला पाहिजे तिथं सांग. नाहीतर पुन्हा येऊ नकोस."

केशरबाईने शेवटी पाण्याचा तांब्या पुढे केला. शीला घोटभर पाणी प्यायली आणि बाईंबरोबर निघाली.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. आवडाबाई चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती. तिचे हात थांबले.

"मीच शिकवला तुना, सोरू नको म्हून."

"आई, तुझी चूक नाय."

"चूक कुठं बोलतंय मी? तवा तू सोरली असतीस तं मी आज हितं नसती." तिने पुढची चिंबोरी उचलली. "पन ती पोर चिखलान नव्हती ना गो. बापाला मी सांगतंय. तू नको सांगू, तुना नाय जमायचा."

समितीची बैठक वागळे इस्टेटमधल्या एका कचेरीत होती. लांब टेबल, पाच-सहा पुरुष, वर पंखा. बाई दाराजवळच्या बाकावर बसल्या. शीला टेबलापुढे उभी राहिली आणि पाठ केलेलं विसरून गेली. मग जसं आठवलं तसं बोलली. घोटा कसा धरला होता, शिट्टी कधी झाली, वरच्या मुली उठल्या तेव्हा तिचे हात कुठे होते. पट्टी कुठल्या गुडघ्याला होती आणि दुखावला कुठला, हेही सांगितलं.

"तुला कळतंय का तू काय बोलते आहेस?" गुरुदत्त साहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

"तुला कुणी धमकावलंय? डोंबिवलीचं कुणी भेटलं?"

"मीच भेटायला गेले होते."

निर्णय व्हायला फार वेळ लागला नाही. शीलाला वर्षभराची बंदी. त्या सामन्याचा विजय रद्द, म्हणजे ढालही परत. नोकरी तूर्त कुणालाच नाही. मंदाकिनीचा पाय बरा झाला की तिची चाचणी घ्यायची, तीत टिकली तर जागा तिची.

ढाल द्यायला जना गेली. परत आल्यावर ती शीलाच्या दारावरून गेली आणि आत डोकावली नाही. दुसऱ्या मुलीही नळावर शीला आली की घागर अर्धी भरून निघायच्या. एकीने तर तोंडावर सांगितलं, "तुना खरा बोलायचा होता तं टेम्पोन बोलायचा. ढालीसोबत आमचे फोटू निघाल्यावर नाय." ते बरोबरच होतं. नाथा बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. ती पुन्हा आईबरोबर ओहोटीला खाडीत जाऊ लागली.

दसरा झाल्यावर चाचणी ठरली. बाईंनी शीलाला बरोबर घेतलं. बंदी असलेल्या खेळाडूला मैदानात जाता येत नाही, पण बघायला कोण अडवणार? कारखान्यामागच्या मैदानावर दोरीबाहेर दोघी उभ्या राहिल्या. मंदाकिनी थोडी जाड झाली होती. पळताना डावा पाय किंचित उशिरा पडत होता, तेवढंच.

समोर ठाण्याच्या एका मंडळाच्या मुली पकडीला उभ्या केल्या होत्या. मंदाकिनी चढाईला गेली. मुलींनी तिला घेरलं, एकीने कमरेला हात घातला आणि लगेच काढला. ती शिवून परत आली. दुसऱ्या चढाईला कोपऱ्यावरची वाकली, पायापर्यंत हात नेले आणि तसेच हवेत ठेवले. सगळ्यांची नजर त्या गुडघ्यावर होती. त्याला पुन्हा काही झालं तर ते आपल्या हातून व्हायला नको, असं प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलं होतं.

"पकडा की गं," मंदाकिनी मध्यरेषेवर उभी राहून म्हणाली. "पूजेला बसवलीय का मला?"

गुरुदत्त साहेबांनी मान हलवली. "यात मला काय कळणार? कुणी धरतच नाही तर ही टिकते की नाही ते कसं ठरवू?"

मंदाकिनीने दोरीबाहेर पाहिलं. शीला तिथे आहे हे तिने आधीच पाहिलं असावं. "साहेब, तिला आत घ्या. कळव्याच्या डाव्या कोपऱ्याला."

"तिच्यावर बंदी आहे."

"सामन्यात आहे ना? हा सामना थोडाच आहे."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी शीलाकडे. बंदी आल्यापासून तिने एकाही घोट्याला हात लावला नव्हता. हात उघडले तर ही मुलगी चाचणीविनाच घरी जाईल. आणि नाही उघडले तर?

तिने चपला काढल्या आणि दोरीखालून आत गेली. मंदाकिनी जवळ आली.

"पाय दुखावला तर?" शीलाने हळूच विचारलं.

"दुखावला तर माझा दुखावेल. पण तू जर यांच्यासारखा अर्धा हात लावलास ना, तर मी तुला आयुष्यात माफ करणार नाही."

"मागचं केलंस?"

"ते नंतर बघू. जा, उभी राहा."

शीला डाव्या कोपऱ्यावर उभी राहिली. मंदाकिनीने जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि दम घेतला. 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी.' ती उजवीकडे गेली, हुलकावणी देऊन डावीकडे आली, आणि तिने डावाच पाय पुढे टाकला. जाणूनबुजून टाकला होता. शीलाने झेप घेतली. घोटा मुठीत आला. मुठी मिटल्या.

मंदाकिनी कोसळली आणि हातांवर पुढे सरकू लागली. आता बाकीच्या मुलींनाही हुरूप आला, एक पाठीवर पडली, दुसरी कमरेवर. शीलाचं तोंड मातीत होतं. घोट्याखालची शीर तिच्या बोटांना ठणठण लागत होती. दम अजून ऐकू येत होता, बारीक, पण तुटलेला नाही. मध्यरेषा हातभर दूर होती. मंदाकिनीने एकदा सगळं अंग आखडलं आणि सगळ्यांना घेऊन ती पुढे सरकली. गुडघा वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. शीलाने ओढ कमी केली नाही. कोपरं सोलवटली, तरी तिने पूर्ण जोर लावला, आणि तरीही ती फरफटत पुढे गेली.

पंचांनी शिट्टी दिली. शीलाने हात सोडले आणि मान वर केली. मंदाकिनीची दोन बोटं मध्यरेषेच्या पलीकडे होती.

मंदाकिनी उठून बसली, गुडघ्यावर तळवा ठेवला, पाय लांब केला, जवळ घेतला. मग उभी राहिली आणि पंजावर दोनदा उडी मारून पाहिली.

"आणखी एक चढाई घेऊ, साहेब?"

"नको," गुरुदत्त साहेब म्हणाले. "आईला घेऊन उद्या कचेरीत ये."

मंदाकिनीने मान डोलावली. बाहीने तोंडावरची माती पुसली आणि ती शीलाकडे वळली. तिला काही म्हणायचं असावं, पण डोंबिवलीच्या मुली दोरी ओलांडून धावत आल्या आणि त्यांनी तिला घेरून टाकलं.

शीलाने कोपरांवरची माती झटकली, चपला घातल्या आणि दोरीखालून बाहेर येऊन ती बाईंशेजारी उभी राहिली. तिची बंदी अजून संपायची होती.